निर्वासिताच्या मागे राहिलेलं कुटुंब त्याच्यापर्यंत कसं पोहोचतं?

४ सप्टेंबर २०२५ रोजी ब्रिटनने निर्वासितांच्या कुटुंबीयांचे नवे अर्ज घेणं थांबवलं. त्याच वर्षी जुलैत जर्मनीने दुय्यम संरक्षण (पूर्ण निर्वासित दर्जापेक्षा कमी दर्जाचं संरक्षण) मिळालेल्यांच्या कुटुंबीयांना दोन वर्षं व्हिसा न देण्याचा कायदा केला होता, आणि जानेवारीत अमेरिकेने निर्वासितांना देशात आणण्याचा अख्खा कार्यक्रमच स्थगित केला होता. या बातम्या वाचताना सर्वसाधारण समज असा होतो की निर्वासित एकदा पोहोचला की मागून घरचे सगळे आपोआप जातात, आणि आता ते बंद झालं. प्रत्यक्षात आपोआप काहीच होत नाही. बायको-मुलांना बोलावण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला मुदत असते, आणि तो फेटाळला जाण्याची कारणं बहुतेक वेळा पहिल्याच कागदावर लिहून ठेवलेली असतात.

मुंबईशी याचा संबंध आहे. भारतातल्या कितीतरी अमेरिकी स्थलांतर व्हिसांच्या मुलाखती वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होतात. अमेरिकेत आश्रय मागणाऱ्यांमध्ये भारतीयही पुष्कळ आहेत, त्यांच्या बायका-मुलं इथेच असतात. शिवाय अफगाणिस्तान, म्यानमारमधून भारतात येऊन थांबलेली कुटुंबं आहेत, ज्यांचा कर्ता माणूस तिसऱ्याच देशात आहे. म्हणून हा लेख मुख्यतः अमेरिकेच्या पद्धतीवर आहे. बाकी देशांची तुलना ओघात येईल.

एकत्र राहण्याचा हक्क आहे की नाही?

निर्वासितांचा पायाभूत करार १९५१ चा. निर्वासित कोणाला म्हणायचं आणि त्याला परत संकटात ढकलायचं नाही, हे त्यात आहे. कुटुंबाचा हक्क मात्र कराराच्या कलमांमध्ये नाही. करार ज्या परिषदेत झाला तिच्या समारोपाच्या ठरावात सरकारांना एवढी शिफारस केली होती की निर्वासिताच्या कुटुंबाची एकी राखण्यासाठी पावलं उचला. पुढे १९८९ च्या बालहक्क करारात कलम १० आलं: पालक आणि मूल एकत्र यावेत म्हणून केलेले अर्ज माणुसकीने आणि लवकर हाताळावेत. अमेरिकेने तो करार आजवर मंजूर केलेला नाही. त्यामुळे प्रत्येक देश आपापल्या कायद्यात जेवढं लिहितो तेवढाच हक्क, आणि कायदा बदलला की हक्कही बदलतो.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. फाळणीनंतर सिंधहून आलेल्यांनी उल्हासनगरचे कॅम्प वसवले, सायन कोळीवाड्यात पंजाबी कुटुंबं आली, पण त्यांना कुटुंब आणण्यासाठी असा कुठला अर्ज करावा लागला नाही, कारण नवा देश त्यांना आपले नागरिक मानत होता. परक्या देशात आश्रय घेतलेल्या माणसाची गोष्ट पूर्ण वेगळी असते. त्याला स्वतःचं स्थान आधी सिद्ध करावं लागतं, मग नातं.

पिटिशन म्हणजे काय

पिटिशन म्हणजे आधीच त्या देशात कायदेशीर स्थान मिळालेल्या माणसाने सरकारकडे केलेली लेखी मागणी: ही व्यक्ती माझी अमुक लागते, हा पुरावा, हिला येऊ द्या. अर्ज तिकडच्याने करायचा असतो. मुंबईत बसलेल्या बायकोला तो करता येत नाही. तिचं काम नंतर सुरू होतं, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणीच्या वेळी.

अमेरिकेत दोन प्रकारच्या माणसांना हा अर्ज करता येतो. देशाबाहेर असतानाच निर्वासित ठरवून ज्याला आत आणलं तो रेफ्युजी. आधी अमेरिकेत किंवा तिच्या सीमेवर पोहोचून ज्याने आश्रय मागितला आणि ज्याला तो मिळाला, तो असायली. दोघांसाठी एकच फॉर्म आहे, आय-७३०. त्याला फी नाही. उत्पन्नाची अट नाही, हमीपत्र लागत नाही. प्रत्येक माणसासाठी मात्र वेगळा अर्ज. बायको आणि तीन मुलं असतील तर चार अर्ज, चार फोटो, पुराव्यांचे चार संच.

ज्यांचा आश्रयाचा दावा अजून निकालात निघालेला नाही, त्यांना हा फॉर्म भरताच येत नाही. आश्रयाचा निकाल लागायला अनेकदा कित्येक वर्षं जातात, आणि कुटुंबाच्या ताटातुटीतला मोठा भाग इथेच सरतो. हे आकड्यांमध्ये दिसत नाही, पण घरी वाट पाहणाऱ्यांना ठाऊक असतं.

कुटुंबात कोण धरतात?

नवरा किंवा बायको, आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं. बस. आई-वडील नाहीत, भाऊ-बहीण नाहीत, ज्या आजीने मूल सांभाळलं तीही नाही. आपल्याकडे विधवा आई मुलाच्याच घरात असते, तिला कुटुंबाबाहेर काढणारी ही व्याख्या मला कठोर वाटते. पण कायदा असाच आहे, आणि उलटं सांगून कोणाला आशेला लावू नये.

त्याहून महत्त्वाची अट तारखेची आहे. नातं कधी जुळलं? रेफ्युजीच्या बाबतीत लग्न त्याच्या अमेरिकेत प्रवेशाआधीचं हवं, असायलीच्या बाबतीत आश्रय मंजूर होण्याआधीचं. आश्रय मंजूर झाल्यावर महिन्याभराने गावी येऊन लग्न केलं तर या फॉर्मने बायको येणार नाही, मग प्रेम कितीही खरं असो. मुलांनाही हाच नियम, फक्त त्या तारखेला मूल पोटात असेल तरी चालतं. लग्न पुढेही टिकलेलं हवं. अर्ज मंजूर झाला आणि प्रवासाआधी घटस्फोट झाला, तर मंजुरी उपयोगाची राहत नाही.

फोनवर किंवा व्हिडिओवर लावलेला निकाह हा सतत अडकणारा मुद्दा आहे. दोघं एकाच ठिकाणी हजर नसताना लागलेलं लग्न अमेरिकी कायदा तेव्हाच धरतो, जेव्हा त्यानंतर पती-पत्नी म्हणून दोघं प्रत्यक्ष एकत्र आले असतील. नवरा परदेशात, बायको इथे, आणि त्यानंतर भेटच नाही, तर ते लग्न या कामापुरतं नाही. दोन बायका असतील तर पहिलीच धरली जाते. सावत्र मूल चालतं, पण आई-बापाचं ते लग्न मूल १८ वर्षांचं व्हायच्या आत झालेलं हवं.

आता पहिल्या कागदाबद्दल. आश्रय मागताना किंवा निर्वासित म्हणून मुलाखत देताना एक प्रश्न असतो: तुमची बायको, तुमची मुलं, सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा सांगा. घाबरलेला माणूस इथे नावं गाळतो. कोणाला वाटतं, घरच्यांची नावं दिली तर मायदेशात त्यांच्यावर संकट येईल. कुठे मध्यस्थ सांगतो, अविवाहित लिही, काम लवकर होईल. पहिल्या लग्नातलं मूल सांगायला संकोच वाटतो. दोन-तीन वर्षांनी त्याच मुलासाठी आय-७३० भरला की अधिकारी आधी जुनी फाईल उघडतो. तिथे नाव नसेल तर अर्ज तिथल्या तिथे मरतोच असं नाही, पण मग नातं खरं आहे हे दाखवण्याचा सगळा भार अर्जदारावर येतो आणि त्याच्या मूळ निवेदनावरही संशय येतो. कॅनडात हे आणखी कडक आहे. तिथे कायमचा रहिवासी होताना जो नातेवाईक सांगितला नाही आणि ज्याची तपासणी झाली नाही, तो कुटुंब वर्गातून पुढे कायमचा वगळला जातो, असा मूळ नियम आहे. निर्वासितांसाठी त्यात काही सवलत दिली गेली आहे, पण तिच्या भरवशावर कोणी नाव गाळू नये.

म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: सगळ्यांची नावं पहिल्याच कागदावर, खऱ्या तारखांसह. येणार असोत वा नसोत.

दोन वर्षं आणि एकवीस वर्षं

आय-७३० प्रवेशाच्या किंवा आश्रयमंजुरीच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत भरायचा असतो. ही मुदत मंजुरीची नसून अर्ज दाखल करण्याची आहे. उशीर झाला तर मानवतेच्या कारणावरून सूट मागता येते, उदाहरणार्थ बायको जिवंत आहे की नाही हेच कळत नव्हतं, किंवा अर्जदार गंभीर आजारी होता. कारण कागदावर सिद्ध करावं लागतं. ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्यावर सूट मिळणं अवघड.

मुलांच्या वयाची भीती बऱ्याच घरांत असते: अर्ज पडून राहिला आणि मुलगी २१ ची झाली तर? इथे २००२ चा एक कायदा मदतीला येतो. त्यानुसार वय एका ठरावीक दिवशी गोठवलं जातं. असायलीच्या बाबतीत तो दिवस म्हणजे पालकाने आश्रयाचा अर्ज दाखल केला तो. रेफ्युजीच्या बाबतीत पालकाची निर्वासित म्हणून मुलाखत झाली तो. त्या दिवशी मूल २१ च्या खाली असेल तर पुढे वय वाढलं तरी हरकत नाही. पण लग्न गोठत नाही. मुलीचं प्रकरण दहा वर्षं रखडलं, ती २६ ची झाली आणि घरच्यांनी तिचं लग्न लावून दिलं, की तिचा हक्क त्याच दिवशी संपला. ‘आधी लग्न उरकून घेऊ, मग बघू’ ही घाई अशा घरात फार महागात पडते. मुलीला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे निर्णय तिचा तरी असेल.

अर्जदार स्वतः अमेरिकी नागरिक झाला तर त्याला नवा आय-७३० भरता येत नाही. आणि जो स्वतः कोणाच्या तरी आय-७३० वर आला आहे, त्यालाही या फॉर्मवर पुढे कोणाला बोलावता येत नाही.

मराठी नावं आणि अमेरिकी रकाने

कागदांचा ढीग मोठा नसतो: अर्जदाराच्या दर्जाचा पुरावा, लाभार्थीचा (म्हणजे ज्याला बोलवायचं त्याचा) फोटो, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा हुकूम किंवा मृत्यूचा दाखला. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे’ असं सहीनिशी लिहायचं असतं. निम्मा दाखला भाषांतरित करून शिक्क्याचा मजकूर सोडला तरी प्रश्न येतो.

महाराष्ट्रात खरी अडचण नावाची असते. समजा मुलीचं माहेरचं नाव सुनीता रमेश जाधव. लग्नानंतर सुनीता प्रकाश मोरे. काही घरांत सासरी पहिलं नावही बदलतात, म्हणजे ती कविता प्रकाश मोरे होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात नुसतं ‘सुनीता’. अमेरिकी अधिकाऱ्यासमोर या दोन-तीन वेगळ्या बायका असतात. मधलं नाव आधी वडिलांचं आणि मग नवऱ्याचं असतं, ही आपली रीत त्याने समजून घ्यावी ही अपेक्षा ठेवू नका. फॉर्ममध्ये ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना असतो, त्यात सगळी रूपं लिहा. पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद जोडा, ती नसेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. स्पेलिंगमधलं ‘डब्ल्यू’ आणि ‘व्ही’ सुद्धा यात आलं.

लग्नाची नोंद ही दुसरी खाच. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्नाची नोंद करावी लागते, मुंबईत ती महापालिकेच्या विभाग कार्यालयात होते. पण गावाकडे लागलेल्या कित्येक लग्नांची नोंद कधी झालेलीच नसते, आणि नवरा परदेशात गेल्यावर ती करणं जवळजवळ अशक्य, कारण दोघांनाही हजर राहावं लागतं. अशा वेळी दुय्यम पुरावा उभा करायचा: लग्नपत्रिका, विधींचे फोटो, हॉलची पावती, लग्न लावणाऱ्या गुरुजींचं आणि हजर नातेवाइकांचं प्रतिज्ञापत्र, मुलांच्या दाखल्यावरची दोघांची नावं. दाखला असेल तर त्यावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख अशा दोन तारखा असतात. फॉर्ममध्ये लग्नाची लिहायची. नोंदणीची लिहून लग्न आश्रयमंजुरीनंतरचं दिसलं म्हणून अडकणं, हे टाळता येण्यासारखं आहे.

मुलाच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना रिकामा राहिलेला असेल तर ज्या कार्यालयात जन्म नोंदला तिथूनच नाव घालून घ्या. नोंदच सापडत नसेल तर तसा अनुपलब्धतेचा दाखला घ्या आणि सोबत शाळेचा दाखला जोडा. अफगाण किंवा रोहिंग्या कुटुंबांकडे यातलं काहीच नसतं. तिथे डीएनए चाचणीचा पर्याय सुचवला जातो. ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच, ठरवून दिलेल्या पद्धतीने करायची, खर्च सहसा अर्जदाराचा. घरी किट मागवून केलेली चाचणी ग्राह्य धरत नाहीत.

मंजुरीनंतरचा रस्ता

आय-७३० मंजूर झाला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. फाईल अमेरिकेतून भारतातल्या कार्यालयाकडे येते, मग लाभार्थीला मुलाखतीला बोलावतात. दिल्लीत की मुंबईत, ते पत्रात लिहिलेलं असतं. मुलाखतीत नातं तपासतात, शिवाय सुरक्षा-छाननी होते. प्रश्न साधे असतात: लग्नाला कोण होतं, नवरा कधी गेला, शेवटचं बोलणं कधी झालं. पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा ‘आठवत नाही’ हे खरं उत्तर बरं.

वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. भारतात क्षयरोगाचं प्रमाण जास्त असल्याने १५ वर्षांवरच्या सगळ्यांचा छातीचा एक्स-रे, आणि २ ते १४ वयाच्या मुलांची रक्तचाचणी. एक्स-रेमध्ये डाग दिसला तर सलग तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीच्या, निकालाला आठ आठवडे लागतात. घरातल्या एकाला असं झालं की सगळ्यांचाच प्रवास बहुधा लांबतो. तपासणीची मुदत साधारण सहा महिने असते. ती संपली की पुन्हा तपासणी, पुन्हा खर्च. असायलीच्या कुटुंबाला हा खर्च आणि विमानाचं तिकीट स्वतः भरावं लागतं.

आई-वडिलांचं काय?

त्यांच्यासाठी दुसरा, लांबचा मार्ग आहे. रेफ्युजीला आल्यापासून वर्षभराने ग्रीन कार्डसाठी अर्ज करावा लागतो, असायलीला करता येतो. त्यानंतर नागरिकत्व. नागरिक झाल्यावर, वय २१ पूर्ण असेल तर, आई-वडिलांसाठी आय-१३० नावाचं सर्वसाधारण कौटुंबिक पिटिशन भरता येतं. याला फी आहे: एप्रिल २०२४ पासूनच्या दराने कागदावर ६७५ डॉलर, ऑनलाइन ६२५. पुढे व्हिसाची फी वेगळी, आणि अर्जदाराचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असल्याचं हमीपत्र लागतं.

नागरिकाचे आई-वडील, पती-पत्नी आणि लहान मुलं यांना संख्येची मर्यादा नाही. भावंडांना आणि विवाहित मुलांना आहे, आणि तिथे प्रकार रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखा आहे: अर्ज दाखल झाला त्या तारखेला तुमचा नंबर लागतो, मंजुरी म्हणजे फक्त नंबर पक्का झाला, जागा मिळाली असं नाही. फरक एवढाच की ही गाडी दर महिन्याला काही दिवस पुढे सरकते, कधी मागेही येते. भारतात जन्मलेल्या भावंडांची रांग १५ वर्षांहून जास्त लांब आहे. आय-७३० या रांगेत उभाच राहत नाही, म्हणून त्याची दोन वर्षं वाया घालवणं इतकं नुकसानीचं.

‘एक येतो आणि सगळं गाव आणतो’

हा आक्षेप आपल्याकडेही ऐकू येतो. नियम पाहिले तर तो टिकत नाही. बायको आणि लहान मुलं, तीही आधीपासूनची, एवढीच माणसं निर्वासिताच्या हक्काने येतात, आणि आलेल्यांना त्याच हक्काने पुढे कोणाला आणता येत नाही. बाकीच्यांसाठी जो मार्ग आहे तो इतर कोणत्याही नागरिकाचाच आहे, त्यात निर्वासित म्हणून वेगळी सवलत नाही.

‘मग टुरिस्ट व्हिसावर का नाही जात?’ कारण तो देताना अधिकारी गृहीत धरतो की अर्ज करणारा तिथेच राहणार, आणि परत येण्याचं कारण दाखवणं तुमचं काम असतं. ज्या बाईचा नवरा तिकडे आश्रय घेऊन आहे, ती हे कसं दाखवणार? खोटं लिहिलं आणि ते पकडलं गेलं, तर पुढे आय-७३० च्या वेळीही ते आड येतं. एजंटने ‘आत ओळख आहे’ म्हणून पैसे मागितले तर उठून बाहेर पडा. या फॉर्मला फीच नाही, त्यामुळे सरकारी फीच्या नावाखाली मागितलेला प्रत्येक रुपया खोटा आहे.

सध्या सगळं बंद आहे, मग भरून उपयोग काय?

२० जानेवारी २०२५ च्या आदेशाने निर्वासितांचा प्रवेश थांबला, त्याविरुद्ध खटले चालू झाले. जूनपासून अफगाणिस्तान, म्यानमार, इराण, सुदान यांसह १२ देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी आली, आणि नंतर ती वाढली. या देशांच्या पासपोर्टवर भारतात राहणाऱ्यांना तिचा फटका बसतो. हे सगळं खरं आहे. पण दोन वर्षांची मुदत या बंदीमुळे थांबत नाही. अर्ज पडून राहिला तरी तो मुदतीत दाखल झालेला असतो, बंदी उठली की पुढे सरकू शकतो. न भरलेल्या अर्जाला तो मार्ग राहत नाही. जर्मनीतही असंच: पूर्ण निर्वासित दर्जा मिळाल्यापासून तीन महिन्यांत कुटुंबासाठी नोंद केली तर उत्पन्नाची आणि घराची अट लागत नाही, ते महिने गेले की लागू शकते. कॅनडात मुदत एक वर्षाची. अर्ज भरल्यावर पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवा. कागदपत्रं मागणारं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि उत्तर आलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं समजतात.

भारतातून निघताना

भारतीय पासपोर्ट असेल तर हा टप्पा नाही. अफगाण किंवा म्यानमारच्या कुटुंबाला मात्र भारत सोडण्यासाठी एफआरआरओची (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाची) निर्गमन परवानगी लागू शकते, विशेषतः व्हिसाची मुदत कधीच संपलेली असेल तर. अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवर होतो, मुंबईचं कार्यालय सीएसएमटीजवळ आहे. जास्त राहिल्याचा दंड लागू शकतो, त्याची माफी मागायची तर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड आणि परदेशी प्रवासपत्राची प्रत सोबत द्यायची. भारतात जन्मलेल्या बाळाचाही जन्मदाखला आणि त्याचं स्वतंत्र प्रकरण लागतं, हे ऐनवेळी कळतं. वैद्यकीय तपासणीची मुदत तोवर धावत असते, तेव्हा मुलाखतीत होकार मिळाल्याबरोबर, तिकीट काढायच्या आधी, हा अर्ज टाका.